धंद्याचे घर, शहराचा चौक

पुण्याजवळच्या हिंजवडीत चैत्रात म्हातोबाचे बगाड निघते, तेव्हा मान कोणाचा आणि वाट कोणती, हे गावाला कुणी सांगावे लागत नाही. याच गावाच्या शिवारात एमआयडीसीने राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभारले आणि काचेच्या इमारती शेजारच्या माण गावापर्यंत गेल्या. प्रत्येक कंपनीला स्वतःचे फाटक आहे. पण या साऱ्या धंद्याचे मिळून एक घर, चौकात उभे राहून बोट दाखवावे असे, इथे नाही. युरोपातल्या जुन्या शहरांत नेमके तेच घर आधी नजरेत भरते.

ब्रुसेल्सचा ग्रँड प्लास घ्या. नगरभवनासमोर दाटीने उभी असलेली ही घरे नावाड्यांची, बिअर गाळणाऱ्यांची, किरकोळ मालाच्या व्यापाऱ्यांची. नावाड्यांच्या घराचा माथा तर जहाजाच्या मागच्या भागासारखा घडवला आहे. गिल्ड म्हणजे कारागिरांचा संघ. उमेदवाराला शिकवणे, मालाचा दर्जा तपासणे, अडल्या सभासदाला मदत करणे ही त्याची कामे. ब्रुसेल्समध्ये १४२१ पासून या संघांना शहराच्या कारभारातही वाटा मिळाला. म्हणूनच त्यांची घरे नगरभवनाच्या शेजारी आली. ऑगस्ट १६९५ मध्ये फ्रेंच तोफांनी हा चौक उद्ध्वस्त केला. पुढच्या चार-पाच वर्षांत संघांनी तो पुन्हा उभा केला, आणि घरांचे दर्शनी भाग कसे असावेत यावर नगरसभेने नजर ठेवली. त्या अवशेषांतून हा देखणा चौक उभा राहिला तो एकट्या राजाच्या मर्जीने नव्हे, हे मला फार मोलाचे वाटते. पुढे फ्रेंच राजवटीने १७९५ मध्ये गिल्ड मोडीत काढले. घरे राहिली, आणि १९९८ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेली.

आपल्याकडे असे संघ नव्हते असे कुणी म्हणेल, तर त्याला नाशिकच्या पांडवलेण्यांकडे न्यावे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे अशाच संघांकडे, तीन हजार कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेवले. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक, उरलेल्या हजारावर पाऊण टक्का. दोन हजारांचे व्याज वर्षाला दोनशे चाळीस होते. त्यातून लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा, चीवरासाठी. मुद्दल परत घ्यायचे नाही. हा व्यवहार निगमसभेत ऐकवला गेला आणि फलकावर नोंदला गेला, असे लेखच सांगतो. राजघराण्यातला माणूस आपली ठेव विणकरांच्या हाती देतो, हा विश्वास किती मोठा! जुन्नरला धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान दिले. कासार आणि बांबूकाम करणाऱ्यांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या ठेवींचे लेखही तिथेच आहेत. आपल्या श्रेणींनी चौकात घर बांधल्याची खूण उरली नाही. त्यांची पत मात्र डोंगराच्या दगडात कोरलेली राहिली.

पुण्यात मराठा चेंबर १९३४ पासून उद्योगांची बाजू मांडते. हिंजवडीतल्या कंपन्यांचीही हिंजवडी इंडस्ट्रीज असोसिएशन आहे आणि वाहतुकीचा, रस्त्यांचा प्रश्न ती लावून धरते. पण इथल्या रस्त्याच्या एका खड्ड्यासाठी ग्रामपंचायत, एमआयडीसी, महानगर प्राधिकरण म्हणजे पीएमआरडीए अशी दारे हिंडावी लागतात. ब्रुसेल्सच्या गिल्डचे बळ घराच्या नक्षीत नव्हते. शहराच्या निर्णयात त्यांना बसायला जागा होती. हिंजवडीत ही जागा संगणक अभियंत्याला नाही, कॅब चालवणाऱ्याला नाही, कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटणाऱ्या बाईला तर नाहीच. ज्यांच्या जमिनी गेल्या त्या घरांनाही ती पंचायतीपुरतीच आहे.

माणहून शिवाजीनगरपर्यंतच्या मेट्रोमुळे या भागात नवी स्थानके येत आहेत. एमआयडीसीने त्यांतल्या एका स्थानकाजवळचा एक भूखंड अशा घरासाठी राखावा. तळमजल्यावर तक्रार नोंदवायची खिडकी, वर शिकाऊ मुलांसाठी वर्ग आणि सगळ्यांना पुरेल असे सभागृह. महिन्यातून एकदा तिथे कंपन्या, कामगार आणि गावकरी एकत्र बसावेत आणि झालेला निर्णय दारावरच्या फलकावर लिहून लावावा.