गुलाबी नगीन्याची खरी ओळख

उरूस असो की आठवडी बाजार, अंगठीच्या नगीन्यांचे एखादे दुकान असतेच. त्यात काळ्या रेघांचा एक गुलाबी खडा दिसतो. विकणारा सांगतो, “हा घाला, घरातली भांडणे मिटतील, अडलेले लग्न जमेल, दुखणे पळेल.” घरात कोणी आजारी असले की माणूस उसने पैसे काढूनही असा खडा घेतो. म्हणून हा दगड नेमका काय आहे, हे घरातल्या सर्वांना माहीत असावे.

असा अस्सल खडा बहुधा ऱ्होडोनाइट असतो. ग्रीक भाषेत ‘ऱ्होडॉन’ म्हणजे गुलाब. मँगनीज, सिलिकॉन आणि ऑक्सिजन हे त्याचे मुख्य घटक. थोडे कॅल्शियम आणि लोहही असते. खनिजांमध्ये सिलिकेट हा सर्वांत मोठा वर्ग आहे. ऱ्होडोनाइट त्यातल्या साखळी सिलिकेट गटातला. तसबीहचे मणी एका दोऱ्यात ओवावेत, तसे त्यात सिलिकॉन-ऑक्सिजनचे कण एकामागून एक जोडलेले असतात. गुलाबी रंग मँगनीजचा. हवापाण्याने मँगनीजचे काळे ऑक्साइड बनते, त्याच्याच या काळ्या रेघा. म्हणजे गुलाबी आणि काळा, दोन्ही रंग एकाच धातूचे!

आमच्या वेळापूर-अकलूज भागात विहीर खोदली की लाव्हारसाचा काळा कातळ लागतो. त्यात हे खनिज सापडत नाही. महाराष्ट्रात मँगनीजचा पट्टा आहे तो नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांत. मनसर, कांद्री, चिखला, डोंगरी बुजुर्ग इथे ‘मॉइल’ या सरकारी कंपनीच्या खाणी आहेत. तिथल्या एका खडकाला भूवैज्ञानिक फर्मोर यांनी गोंड समाजावरून ‘गोंडाइट’ हे नाव दिले. 1909 साली त्यांचा भारतातील मँगनीजवरचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. गोंडाइटमध्ये मुख्यतः गारगोटी आणि मँगनीजयुक्त गार्नेट असते, तर काही ठिकाणी ऱ्होडोनाइटही आढळते. मात्र पोलाद आणि बॅटरीच्या सेलसाठी लागणारे मँगनीज प्रामुख्याने काळ्या खनिजांतून मिळते. गुलाबी दगडाचा उपयोग शोभेपुरताच.

तो ओळखायचा कसा? त्याची कठीणता साडेपाच ते साडेसहा असते, त्यामुळे साध्या चाकूने त्यावर सहसा ओरखडा उठत नाही. रंगवलेल्या संगमरवरावर मात्र लगेच उठतो. दुसरी कसोटी वजनाची. ऱ्होडोनाइट पाण्याच्या सुमारे साडेतीन पट जड असतो. 35 ग्रॅमचा सुटा खडा पाण्यात बुडवून तोलला, तर वजन साधारण 10 ग्रॅमने कमी भरते. काच बहुधा याहून बरीच हलकी असते.

रत्ने अशी तोलून ओळखण्याचे काम सुमारे हजार वर्षांपूर्वी अल्-बिरूनी यांनी केले होते. पाचू पाहून साप आंधळा होतो, असे त्या काळी लोक मानत. अल्-बिरूनींनी सापाच्या गळ्यात पाचूची माळ घालून नऊ महिने पाहिले. सापाला काहीही झाले नाही आणि त्यांनी ते आपल्या ग्रंथात लिहून ठेवले.

सूरह फातिरच्या 27 व्या आयतीत पर्वतांमधील पांढऱ्या, लाल आणि गडद काळ्या पट्ट्यांचा उल्लेख आहे. या रंगांकडे पाहून निर्मात्याची ओळख पटावी, दगडापुढे हात पसरू नयेत. हजरे अस्वदचे चुंबन घेतानाही हजरत उमर (रजि.) यांनी, हा दगड आहे, तो नफा-नुकसान करू शकत नाही, असे स्पष्ट सांगितले होते. मग बाजारातल्या खड्याची काय कथा?

चांदीच्या अंगठीत नगीना शोभेसाठी जरूर घाला. पण दुखण्याला डॉक्टर, भांडणाला समजूत आणि अडचणीला दुआ व मेहनत, हेच मार्ग आहेत. खड्यासाठी काढलेले पैसे औषधाला किंवा मुलांच्या पुस्तकांना लावले, तर ते खऱ्या अर्थाने कामी येतील.