गाडी सेल्फ घेत नाही? आधी मोजा, मग बॅटरी बदला

नाशिकमध्ये गाड्यांच्या धंद्यावर अनेक कारागिरांची घरे चालतात. सातपूरला महिंद्राचा मोटारींचा कारखाना आहे, डिझेल इंजिनाचे भाग करणारा बॉशचा (पूर्वीचा मायको) कारखानाही तेथेच आहे आणि शहरातून मुंबई-आग्रा महामार्ग जातो. दुसरीकडे, आपल्या व्यापारी बंधूंचा धंदाही गाडीवरच अवलंबून असतो. पहाटे कांदा घेऊन लासलगावच्या लिलावाला निघालेली पिकअप जागेवरच अडली, तर दिवसाची कमाई बुडते.

अशा वेळी पहिले वाक्य ऐकू येते, ‘बॅटरी गेली.’ नवी बॅटरी बसते आणि आठ दिवसांनी गाडी पुन्हा अडते. गिऱ्हाइकाचे पैसे जातात, कारागिराचे नाव जाते. म्हणून आमचे सांगणे एवढेच, की दोष आधी मोजून ठरवावा. त्यासाठी साधा मल्टीमीटर पुरतो.

आवाजावरून अंदाज

हेडलाइट लावून चावी फिरवा. भराभर कट-कट आवाज आला आणि दिवे विझू लागले, तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल सैल आहे. एकदाच ‘टक’ झाले आणि दिवे तेजस्वी राहिले, तर सोलेनॉईड किंवा सेल्फचे कार्बन ब्रश पाहावेत. काहीच आवाज नसेल, तर फ्यूज, रिले आणि चावीचा स्विच तपासावा. इंजिन जोरात फिरते पण सुरू होत नाही, तेव्हा बॅटरी आणि सेल्फ बहुधा निर्दोष असतात. दोष डिझेल-पेट्रोलच्या पुरवठ्यात, पेट्रोल गाडीच्या ठिणगीत, डिझेल गाडीच्या हीटर प्लगमध्ये किंवा नव्या गाडीच्या चोरीविरोधी यंत्रणेत शोधावा.

मीटर काय सांगतो

१) गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीवर १२.६ व्होल्ट असेल, तर ती भरलेली आहे. १२.२ म्हणजे साधारण निम्मी. १२ च्या खाली असेल, तर आधी चार्ज करून मगच पुढची तपासणी करावी.

२) सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली जाऊ नये. भरलेली बॅटरीही खाली गेली, तर ती थकली आहे किंवा सेल्फ जास्त करंट ओढतो आहे.

३) इंजिन सुरू असताना १३.८ ते १४.५ व्होल्ट यावेत. कमी असतील, तर आधी पट्टा व जोडण्या आणि मग अल्टरनेटर पाहावा. नवी बॅटरी आठ दिवसांत बसण्याचे हे नेहमीचे कारण आहे. काही नव्या गाड्यांत अल्टरनेटरचा व्होल्टेज संगणक कमीजास्त करतो. तेथे कंपनीचा आकडा पाहावा.

४) मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर धरून सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टहून जास्त दाखवले, तर अर्थिंग खराब आहे.

ही चौथी चाचणी सर्वांत जास्त विसरली जाते. सेल्फ छोट्या गाडीतही सुमारे १५० अँपिअर ओढतो. गंजलेल्या जोडणीत ओहमच्या शंभराव्या भागाइतका अडथळा असला, तरी दीड व्होल्ट तेथेच अडतात. उपाय मात्र स्वस्त आहे. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावी, घासून कोरडे करावे, घट्ट आवळावे आणि व्हॅसलीन लावावे.

उभी गाडी बॅटरी उतरवते तेव्हा

बाहेरून बसवलेले टेप, जीपीएस किंवा अलार्म चावी काढल्यावरही करंट ओढतात. अर्धा अँपिअर गळती दिवसाला १२ अँपिअर-तास खाते, म्हणजे ३५ अँपिअर-तासांची बॅटरी तीन दिवसांत रिकामी. ऋण तार काढून मध्ये मीटर जोडावा, अर्धा तास थांबावे. सामान्यतः ५० मिलिअँपिअरहून जास्त आल्यास एकेक फ्यूज काढून पाहावा. आकडा ज्या फ्यूजला पडेल, त्या लाइनीत दोष आहे. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ कधीही मारू नये.

निफाडकडच्या थंडीत हे सर्व दोष एकदम उघडे पडतात. पारा शून्याजवळ गेला की बॅटरीची सेल्फ फिरवण्याची ताकद बरीच घटते आणि इंजिनचे तेलही घट्ट होते. म्हणून तपासणी दिवाळीनंतर लगेच करून घ्यावी.

दोन सावधगिऱ्या

चालू इंजिनवर बॅटरीची तार काढून चार्जिंग पाहण्याची डायनॅमोच्या काळातली सवय सोडावी. व्होल्टेज उसळून गाडीचा संगणक जळू शकतो. बॅटरीजवळ विडी किंवा ठिणगी नको, कारण चार्ज होताना निघणारा हायड्रोजन भडकतो.

कारागीर बंधूंनी मीटरचे आकडे बिलावर लिहून द्यावेत आणि व्यापाऱ्यांनी ते मागून घ्यावेत. पुढच्या वेळी गाडी अडली, तर तुलना करायला दोघांजवळ काहीतरी हाती असेल.