जनुकाची दोन दारे

श्रावणात ताम्हिणीला गेलात, तर उतारावरची भातखाचरे नीट पाहा. वरच्या खाचरातले पाणी बांधाला ठेवलेल्या तोंडातून मधल्या खाचरात उतरते आणि तिथून दुसऱ्या तोंडाने खालच्या खाचरात. शेवटी किती पाणी पोचणार, हे दोन्ही तोंडांच्या रुंदीवर ठरते.

ई. कोलाय या जिवाणूच्या पेशीतही प्रथिन तयार होताना अशीच दोन दारे लागतात. प्रथम डीएनएवरील जनुकाची आरएनए-प्रत निघते. मग रायबोसोम ती प्रत वाचून प्रथिन बनवतो. किती प्रती निघतील, हे जनुकाच्या अलीकडचा डीएनएचा तुकडा ठरवतो. त्याला प्रवर्तक म्हणतात. एका प्रतीवरून किती प्रथिने बनतील, हे मुख्यतः प्रतीवरील रायबोसोम-बंधन स्थान ठरवते. समजा, प्रवर्तकाने १० प्रती दिल्या आणि प्रत्येक प्रतीवरून २० प्रथिने बनली, तर एकूण २०० झाली. सोपा गुणाकार!

या गुणाकाराला मोठे महत्त्व आहे. जिवाणूंकडून बनवून घेतलेले मानवी इन्शुलिन १९८२ साली औषध म्हणून मान्य झाले. अशा कामात प्रथिन कमी बनले तर खर्च परवडत नाही. अति बनले तर पेशी थकते आणि तिची वाढ मंदावते. म्हणून हवे तेवढेच प्रथिन देणारी जोडी निवडता आली पाहिजे.

पण सुटे मोजलेले तुकडे जोडल्यावर तसेच वागतात का? २०१३ साली श्रीराम कोसुरी, जॉर्ज चर्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ११४ प्रवर्तक व १११ बंधन स्थाने घेऊन १२,५६३ जोड्या तपासल्या. ६४ टक्के जोड्यांत प्रथिनाचे प्रमाण अंदाजाच्या निम्मे ते दुप्पट या मर्यादेत राहिले. मात्र सर्वांत फसलेल्या ५ टक्के जोड्यांत अंदाज सरासरी १३ पटींनी चुकला!

असे का व्हावे? इथे खाचराची उपमा अपुरी पडते. वरचे तोंड बदलल्याने खालच्या तोंडाचा आकार बदलत नाही. आरएनएचा धागा मात्र स्वतःवरच दुमडतो. एका कागदी पट्टीवर ए-जी-जी-ए-जी-जी लिहा. हे बंधन स्थानाचे नमुनेदार अक्षरक्रम. थोडी जागा सोडून पुढे सी-सी-यू-सी-सी-यू लिहा. आता पट्टी मधोमध दुमडा. ए समोर यू आणि जी समोर सी येईल. या जोड्या एकमेकींना धरून ठेवतात. बंधन स्थान झाकले गेले, आता रायबोसोम बसणार कुठे? शेजारचा तुकडा बदलला की घडीही बदलते.

यावर त्याच वर्षी विवेक मुतालिक आणि सहकाऱ्यांनी एक युक्ती प्रसिद्ध केली. त्यांनी सर्व प्रवर्तकांपासून निघणाऱ्या आरएनएची सुरुवात सारखी ठेवली आणि मुख्य जनुकाच्या आधी एक चिमुकले जनुक जोडले. ते वाचत पुढे सरकणारा रायबोसोम वाटेतल्या घड्या उलगडतो, त्यामुळे मुख्य जनुकाचे दार मोकळे होते. मग निरनिराळ्या जनुकांसाठीही अंदाज सुमारे ९३ टक्के खात्रीने दुपटीच्या मर्यादेत बसू लागला.

सुटा तुकडा ओळखणे ही अर्धीच ओळख. शेजारी कोण आहे, हेही विचारावे लागते.