पंधरा वर्षे भरली, म्हणून काय?

गेल्या महिन्यात काही कामानिमित्त आम्हांला चिकोडी तालुक्यातील सदलग्यास जाण्याचा योग आला. दूधगंगेच्या काठचे हे गाव कर्नाटकात मोडते. परंतु येथील पुष्कळ घरांतून मराठी बोलली जाते, बाजार इचलकरंजीचा असतो आणि मोठे दुखणे निघाले तर वाट कोल्हापूरचीच धरावी लागते. ज्या निवृत्त शिक्षकांकडे आम्ही उतरलो होतो, त्यांच्या अंगणात २०११ साली घेतलेली एक लहान पेट्रोल मोटार उभी होती. पत्नीला दर पंधरवड्यास उपचारासाठी याच मोटारीतून ते कोल्हापूरला नेतात. "आता हिला भंगारात घालणे आले," गुरुजी खिन्नपणे म्हणाले, "पंधरा वर्षे भरत आली." एका दलालाने त्यांना तसे सांगितले होते आणि उपकार केल्याच्या थाटात तीस हजारांचा आकडाही लावला होता. मोटार मात्र किल्ली फिरवताच सुरू झाली.

हा गैरसमज केवळ सदलग्यापुरता नाही. तो आमच्या म्हापशा-मडगावातही तितकाच रूढ आहे, म्हणून त्याचा समाचार घेणे आवश्यक वाटते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षे वैध असते, हे खरे. पण पंधरा वर्षांनी संपते ती नोंदणीची मुदत. मोटारीचे आयुष्य नव्हे. वाहन तपासणीस उतरले तर नोंदणी पाच वर्षांसाठी पुन्हा करून मिळते आणि पुढेही हाच क्रम चालू राहू शकतो. २०२१ साली जाहीर झालेल्या वाहन-भंगार धोरणाच्या नावातच 'ऐच्छिक' हा शब्द आहे. सरकारने जुनी मोटार ठेवणे महाग मात्र केले. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क सहाशे रुपयांवरून पाच हजारांवर गेले आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये वीस वर्षांवरील मोटारींसाठी ते दहा हजार करण्यात आले. महाग करणे वेगळे आणि मनाई करणे वेगळे.

मनाई झाली ती दिल्ली व तिच्या परिसरात. तेथील विषारी हवेमुळे दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल वाहनांवर हरित लवादाने घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये उचलून धरली. पुढे २०२५ मध्ये न्यायालयानेच तिच्या अंमलाला मर्यादा घातल्या. दिल्लीचा हा अपवाद साऱ्या देशाचा नियम म्हणून सांगितला जातो आणि त्यावर दलालांची पोळी भाजते. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सीचे उदाहरणही असेच पुढे केले जाते. ती २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली, ती टॅक्सींना असलेल्या वीस वर्षांच्या मर्यादेमुळे. घरच्या मोटारीला ती मर्यादा लागू नाही.

मग मोटार टिकते तरी किती? जुन्या अँबेसेडर-फियाटच्या मीटरवर किलोमीटरचे पाचच आकडे असत आणि लाखाच्या आसपास इंजिन उघडणे हे गृहीतच धरलेले असे. आजचे इंजिन वेळेवर तेलपाणी झाले तर दोन लाखांचा पल्ला सहज गाठते. अमेरिकेसारख्या श्रीमंत देशातही रस्त्यावरील मोटारींचे सरासरी वय २०२४ मध्ये साडेबारा वर्षांच्या वर गेले होते. तेव्हा जुनी मोटार वापरणे हे दारिद्र्याचे लक्षण समजण्याचे कारण नाही.

तथापि, नाण्याची दुसरी बाजू दृष्टीआड करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पूर्वीच्या जीपगाडीचा मोडलेला भाग कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर घडवून मिळे. सीमाभागातील वडाप अशाच कारागिरांच्या जिवावर वर्षानुवर्षे धावले. आजच्या मोटारीचा मेंदू असलेली इलेक्ट्रॉनिक पेटी लेथवर घडत नाही. कंपनीने ती पुरवणे थांबवले की इंजिन धडधाकट असूनही मोटार निकामी होते. त्यात आता इथेनॉलची भर पडली आहे. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०२५ मध्ये गाठले गेले. त्यासाठी न बनलेल्या जुन्या मोटारींची धाव सहा-सात टक्क्यांनी घटेल, असा अंदाज निती आयोगाच्याच २०२१ च्या अहवालात होता. शिवाय जुन्या रबरी नळ्या व वायसर लवकर झिजतात, ते वेगळेच. सदलग्याच्या शेतकऱ्याने उसाच्या पैशातून मोटार घ्यावी आणि त्याच उसाच्या इथेनॉलने तिच्या नळ्या खाव्यात, हा दैवाचा विचित्र खेळ म्हटला पाहिजे.

म्हणून कॅलेंडर बाजूला ठेवून यंत्राकडे पाहावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. इंजिन, क्लच, सस्पेन्शन यांची दुरुस्ती परवडते. सांगाड्यालाच गंज लागला असेल तर मात्र मोह सोडावा. घाटावरच्या कोरड्या हवेत जी मोटार वीस वर्षे टिकेल, तिला आमच्या किनाऱ्यावरचा खारा वारा त्याआधीच पोखरतो. २०१९ किंवा २०२१ च्या महापुरात बुडून निघालेल्या मोटारीवरही फार विसंबू नये. सर्वांत वजनदार मुद्दा सुरक्षिततेचा आहे. चालकासमोरची एअरबॅग आणि चाके जाम होऊ न देणारे ब्रेक नव्या मोटारींना सक्तीचे झाले ते २०१९ मध्ये. त्यापूर्वीच्या अनेक मोटारींत ही दोन्ही साधने नाहीत. महामार्गावर रोज धावणाऱ्याने केवळ एवढ्या कारणासाठी मोटार बदलली, तरी ती उधळपट्टी ठरणार नाही.

सरकारनेही आपले कर्तव्य ओळखावे. तपासणी काटेकोर हवी, पण ती तालुक्याच्या ठिकाणी आणि दलालाविना व्हावी. २०२२ च्या डिसेंबरात केंद्राने 'दुरुस्तीच्या हक्का'चे संकेतस्थळ उघडले आणि त्यात मोटारींचाही समावेश केला. आता विक्री बंद झाल्यानंतर किती वर्षे सुटे भाग पुरवलेच पाहिजेत, याचे बंधन कायद्याने घालावे. त्यावाचून तो हक्क कागदावरच राहील.

सदलग्याहून निघताना आम्ही गुरुजींना इतकेच सुचवले की, मुदत संपण्याआधी मोटार विश्वासू मेकॅनिककडून खालून-वरून तपासून घ्यावी. सांगाडा व ब्रेक ठीक निघाले, तर नूतनीकरणाचा अर्ज करावा. नाहीतर अधिकृत भंगार केंद्रात द्यावी. तेथील प्रमाणपत्रावर नव्या मोटारीच्या करात सवलत मिळू शकते. ज्या मोटारीच्या भरवशावर एका घरातील औषधोपचार चालतात, तिचा निकाल तपासणीच्या खड्ड्यात उतरून लागावा. तीस हजारांची थैली घेऊन अंगणात आलेल्या माणसाच्या तोंडून नव्हे.