मेतापेलेत शब्बाथला कुठे जाते? ख्रिस्ती घरसभांविषयी थोडेसे



पेसाहनंतर आमच्या थोरल्या ताईंच्या घरी लहानसे महाभारत घडले. ताई अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या. गुडघ्यांनी कधीच रजा घेतली आहे, पण कान आणि गळा शाबूत. त्यांच्या सोबतीला केरळची एक मेतापेलेत आहे. तिला शनिवारची सुट्टी. एका शनिवारी ताईंजवळ बसायला येणारा नातू आलाच नाही. म्हातारीला एकटे कसे टाकायचे म्हणून त्या पोरीने ताईंना चाकाच्या खुर्चीत बसवले आणि तीन गल्ल्या पलीकडे, आपल्या मैत्रिणींच्या भाड्याच्या घरी नेले. तिथे वीसेक बाया, एक गिटार, टाळ्या, गाणी, रडणे, हसणे आणि शेवटी भात नि माशाची आमटी. ताईंनी फक्त केळे खाल्ले. शब्बाथ निघाल्यावर मोठ्या आनंदाने त्यांनी ही हकिगत सुनेला फोनवर सांगितली. सुनेने कपाळाला हात लावला. "मिशनरी घरात शिरले!" मुलीला कामावरून काढण्यापर्यंत गोष्ट गेली.

निवाड्यासाठी आम्हाला बोलावण्यात आले. जन्मभर मास्तरकी केलेल्या माणसाला सगळे कळते, असा आमच्या कुटुंबात एक गैरसमज आहे. आम्ही म्हटले, आधी हा प्रकार काय आहे ते समजून घेऊ, मग बोलू. जे समजले ते इथे लिहीत आहोत, कारण मेतापेलेत आज आपल्यापैकी अनेकांच्या घरात आहे आणि ती शनिवारी कुठे जाते हे आपण तिला सहसा विचारत नाही.

सुरुवात शब्दापासून करू. जुनी खोड आहे, चालवून घ्यावी. मराठी ख्रिस्ती लोक चर्चला 'मंडळी' म्हणतात. हा शब्द फार नेमका आहे. मूळ ग्रीक शब्द 'एक्लेसिया' म्हणजे जमलेली माणसे, इमारत नव्हे. आपल्या तनाखचे ग्रीक भाषांतर यहुदी पंडितांनी केले, तेव्हा 'कहाल' या शब्दासाठी त्यांनी बहुतेक ठिकाणी हाच शब्द घातला. हिब्रूत तर गंमतच आहे. त्यांची ती 'क्नेसिया' आणि आपली ती 'बेत क्नेसेत', दोन्ही एकाच धातूतून आले. गोळा होणे, जमणे, एवढाच त्याचा अर्थ. दगडविटांचा त्यात संबंध नाही.

ख्रिस्ती धर्माची पहिली सुमारे तीनशे वर्षे बहुतेक घरांतच गेली. येशूचे पहिले अनुयायी सगळे यहुदी. ते यरुशलेमला बेत हमिकदाशमध्ये जात आणि भाकर मोडायला एकमेकांच्या घरी जमत, असे त्यांच्या ग्रंथात आहे. पौलाच्या पत्रांत ज्या घरांचे उल्लेख आहेत, त्यांत अक्विला आणि प्रिस्का या जोडप्याचे घर आहे. हे दोघे यहुदी, धंदा तंबू शिवण्याचा. क्लौदिय बादशहाने यहुद्यांना रोमबाहेर काढले तेव्हा तेही निघाले, आणि जिथे बिऱ्हाड केले तिथे त्यांच्या घरी मंडळी जमली. फिलिप्पी गावात लुदिया नावाची जांभळे कापड विकणारी बाई होती, तिनेही आपले घर उघडले. म्हणजे पाट-पाणी, चूल आणि अंथरूण जिथे, तिथेच प्रार्थना. शब्बाथची मेणबत्ती आणि किद्दुशचा प्याला घरात ठेवणाऱ्या लोकांमधून ही माणसे निघाली होती, तेव्हा नवल वाटायला नको.

याचा पुरावा आपल्याच देशात पाहायला मिळतो. किन्नेरेतच्या सहलीला गेलेल्यांनी कफर नाहूम पाहिले असेल. तिथे पांढऱ्या दगडाच्या सिनेगॉगपासून हाकेच्या अंतरावर जमिनीपासून उचललेले एक आधुनिक चर्च आहे, 1990 साली बांधलेले. त्याच्या मधोमध काच आहे आणि काचेतून खाली पाहिले की जुन्या भिंती दिसतात. फ्रान्सिस्कन साधूंनी 1968 पासून तिथे खोदकाम केले. सर्वांत खाली मासेमाऱ्यांच्या वस्तीतले एक साधे घर निघाले. त्यातल्या एका खोलीला पुढे गिलावा केला गेला, घरातली भांडीकुंडी तिथून नाहीशी झाली आणि भिंतींवर प्रार्थनेचे शब्द खरडलेले सापडले. पाचव्या शतकात त्यावर अष्टकोनी चर्च उठले. ते घर शिमोन पेत्राचे, अशी ख्रिस्ती परंपरा आहे. ते कोणाचेही असो, राहती खोली प्रार्थनेची खोली कशी होते याचे चित्र तिथे थरांवर थर असे दिसते. 2005 साली मगिद्दोच्या तुरुंगाच्या आवारात तिसऱ्या शतकातील फरशी सापडली, ती बातमी तुम्ही वाचली असेल. तिथेही स्वतंत्र चर्च नव्हते, मोठ्या इमारतीतला एक दिवाणखाना होता. एका रोमी लष्करी अंमलदाराने फरशीचा खर्च केला आणि एका बाईने मेज दिले, हे फरशीवरच लिहिले आहे.

313 साली कॉन्स्टंटाइनच्या राज्यात या धर्माला मोकळीक मिळाली. मग मोठमोठ्या इमारती, घंटा, खांब आले, आणि घर मागे पडले. पण पूर्ण सुटले नाही. जेव्हा जेव्हा इमारत मिळत नाही, परवडत नाही किंवा राज्यकर्ते बंद करतात, तेव्हा ख्रिस्ती माणूस पुन्हा घरात जमतो. चीनमध्ये 1966 ते 1976 या काळात जवळजवळ सगळी चर्चे बंद होती, तेव्हा घरांनीच ते काम केले. दक्षिण कोरियात उलट कारण घडले. सेऊल शहरात 1958 साली तंबूत सुरू झालेली एक मंडळी इतकी वाढली की तिचा पाळक योंगी चो 1964 च्या सुमारास कामाच्या भाराने आजारी पडला. त्याने शहराचे भाग पाडून घरोघरचे लहान गट केले आणि ते चालवायला बायकांवर सोपवले. गट मोठा झाला की त्याचे दोन करायचे. शेजारणीला जेवायला बोलवायचे, तिचे सुखदुःख ऐकायचे, तिच्यासाठी प्रार्थना करायची. ती मंडळी पुढे जगातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक झाली आणि तिची ही रीत अनेक देशांनी उचलली. फिलिपाइन्समध्ये कॅथलिकांचीही अशी चळवळ आहे. 'कपल्स फॉर ख्राइस्ट' 1981 साली मनिलात सुरू झाली, तिचे लहान गट सभासदांच्या घरी भरतात. फिलिपिनी माणूस कामासाठी जिथे गेला, तिथे तो आपला गट घेऊन गेला.

इस्राएलमध्ये नव्वदच्या दशकात परदेशी कामगार मोठ्या संख्येने आले. तेल अवीवच्या जुन्या बस स्टेशनजवळ, नवे शाआनानच्या गल्ल्यांत, राहत्या घरांत, तळघरांत, गोदामांत त्यांच्या मंडळ्या उभ्या राहिल्या. आफ्रिकेचे वेगळे, दक्षिण अमेरिकेचे वेगळे, फिलिपिनींचे वेगळे. 2002 मध्ये परदेशी कामगारांना पकडून परत पाठवण्याची मोहीम जोरात सुरू झाली तेव्हा त्यांतल्या कित्येक मंडळ्या ओस पडल्या. ज्या उरल्या त्यांची गर्दी शनिवारी होते, रविवारी नाही. रविवारी कामावर हजर राहायचे असते ना! याफोच्या सेंट अँथनी चर्चमध्येही शनिवारी आपल्या हिंदुस्थानातल्या मुली भरपूर दिसतात. म्हणजे या देशाने त्यांना ख्रिस्ती शब्बाथ पाळायला लावला आहे, हे आपल्या हजानसाहेबांना सांगितले तेव्हा ते पोटभर हसले.

त्या पोरींना घरसभा का हवी असते? भाडे वाचते, आपली भाषा बोलता येते, हे झालेच. पण ताईंच्या मुलीने आम्हाला सांगितले ते असे: "अंकल, सहा दिवस मी दुसऱ्यांच्या आईला आंघोळ घालते. सातव्या दिवशी माझी आई आजारी आहे, हे कोणाला सांगू?" तिथे एकीच्या बापाचे ऑपरेशन असले तर वर्गणी काढतात, एकीची नोकरी गेली तर तिला झोपायला गादी देतात. मग गाणी, ग्रंथवाचन, आणि ज्याला ते 'साक्ष' म्हणतात ते, म्हणजे देवाने माझ्यासाठी काय केले हे उभे राहून सांगणे.

आता सुनेच्या प्रश्नाकडे येऊ. आपल्या धर्मात दुसऱ्याला ओढण्याची प्रथा नाही, त्यांच्या धर्मात सुवार्ता सांगणे हे कर्तव्य आहे. हा फरक गोड बोलून झाकण्यात अर्थ नाही. घरसभेचा अर्धा हेतू आपल्या लोकांना धीर देणे हा, आणि अर्धा बाहेरच्याला आत बोलावणे हा. त्यातही गट गट वेगळे. कोणी फक्त आपल्या भाषेच्या लोकांत राहतात, कोणी शेजारपाजाऱ्यांना बोलावतात. काही मंडळ्या तर खास यहुद्यांसाठी असतात, त्यांच्या सभेत हिब्रू गाणी, तल्लित, आपले सण सगळे असते, आणि येशू हाच माशियाह ही शिकवणही असते. तिथे जाणाऱ्याने कुठे आलो हे ओळखून असावे. कायद्याचे म्हणाल तर 1977 सालचा कायदा आहे. धर्म बदलण्यासाठी पैसा किंवा कसला लाभ देणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद, घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत. नुसते प्रौढ माणसाशी बोलणे, गाणे, बोलावणे हा गुन्हा नाही.

आणि मिशनरी म्हटले की आपण बेने इस्राएलांनी तरी दचकू नये. आपल्याइतका त्यांचा अनुभव कोणाला आहे? अमेरिकन मिशन 1813 मध्ये मुंबईला आले, त्यांच्या शाळांत आपली मुले शिकली आणि आपलेच लोक मास्तर झाले. डॉ. जॉन विल्सन 1829 मध्ये आले. त्यांनी 1832 मध्ये मराठीतून हिब्रूचे व्याकरण छापले. मिशनच्या बायका घरोघर जाऊन लेकीसुनांना वाचायला, शिवायला शिकवत, हीदेखील घरसभाच. त्यांची आशा होती की आपण ख्रिस्ती होऊ. आपण त्यांच्याकडून हिब्रू घेतले, तनाख मराठीत वाचला, आणि अधिक पक्के यहुदी झालो. धर्म बदलणारे अगदी मोजके. पुढे 1875 मध्ये हाईम सॅम्युएल केहिमकरांनी मुंबईत आपली स्वतःची इस्राएली शाळा काढली. आमच्या वयाचे कितीतरी वाचक तिथलेच, तेव्हा तिचे नाव सर एली कदूरी.

शाळेत 'स्मृतिचित्रे'तला धडा आपण सगळ्यांनी वाचला. लक्ष्मीबाईंचे पती रेव्हरंड टिळक यांनी 1917 मध्ये साताऱ्याला 'देवाचा दरबार' काढला होता. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही त्यात बसू शकत. परदेशी वळणाचे चर्च मराठी माणसाला परके वाटते, हे त्यांना कळले होते. दोन वर्षांत ते वारले आणि प्रयोग तिथेच थांबला.

आपलेही घर आठवा. 1796 मध्ये सामाजी हसाजी दिवेकरांनी मुंबईत शाआर हारहमीम बांधली, त्याआधी आपल्याला सिनेगॉग नव्हते. कोकणातल्या गावांत शेकडो वर्षे शेमा म्हटला तो घरात, पडवीत, तेलाचा घाणा बाजूला ठेवून.

आम्ही दिलेला निवाडा असा. मुलीला कामावरून काढू नये. तिची सुट्टी आणि तिची प्रार्थना तिची आहे, त्यात आपण नाक खुपसू नये. ताईंच्या घरात सभा भरवायची नाही, आणि ताईंना कुठे न्यायचे असेल तर आधी सुनेला विचारायचे. मुलीने ते लगेच कबूल केले, वर माफीही मागितली. सुनेने अजून तोंड फुगवलेले आहे.

ताईंना आम्ही विचारले, "तिथे तुम्हाला काय आवडले?" त्या म्हणाल्या, "अरे, मला एक शब्द कळला नाही. पण सगळ्या जणी येऊन माझा हात धरत होत्या. आपल्यातले शेवटचे कोण आले होते माझ्याकडे, सांग बरे." आम्ही गप्प झालो. आम्ही स्वतः हनुक्कानंतर गेलो नव्हतो.

येत्या शब्बाथ निघाल्यावर ताईंच्या घरी मलिदा ठेवला आहे. पोहे, नारळ, साखर सुनेने आणून ठेवली. मेतापेलेत संध्याकाळी परत येऊन फळे चिरणार आहे. एलियाहू हन्नाबी म्हणायला दहा पुरुष जमवण्याचे काम आमच्याकडे लागले आहे. हे लिहीपर्यंत सात जणांचा होकार आला, त्यांतल्या दोघांना गाडीने आणावे लागेल.