घंटा वाजली, आता आपली पाळी!

सकाळी आठची वेळ. एकीकडे दूध उतू जायच्या बेतात, दुसरीकडे डब्याची पोळी तव्यावर, आणि नेमकी तेव्हाच घंटागाडी दारात! मग काय, भाजीची सालं, कालचा शिळा भात, दुधाची रिकामी पिशवी, फुटलेल्या पेल्याच्या काचा, सगळं एकाच पिशवीत कोंबायचं, गाठ मारायची आणि धावत जाऊन गाडीत टाकायचं. हुश्श! सुटले एकदाची!

मैत्रिणींनो, खरं सांगा, असंच होतं ना? माझ्याकडेही वर्षानुवर्षं असंच चाललं होतं. एके दिवशी गाडीवरच्या बाईनं माझ्यासमोरच माझी पिशवी सोडली आणि आतल्या काचेनं तिचा तळहात कापला. मी हळद घेऊन धावले. ती शांतपणे म्हणाली, "हळद राहू द्या ताई, पण पुढच्या वेळी काच तेवढी निराळी देत जा."

त्या दिवशी कळलं, की आपण ‘टाकला’ म्हणतो तो कचरा नाहीसा होत नाही. तो आपल्या हातातून दुसऱ्या कुणाच्या तरी हातात जातो.

ही गोष्ट फार वर्षांपूर्वी ज्या गावानं ओळखली होती, ते गाव म्हणजे वर्ध्याजवळचं नालवाडी. १९३२ च्या अखेरीस विनोबा भावे या दलित वस्तीच्या गावात राहायला आले. १९३४ साली इथंच ग्रामसेवा मंडळ सुरू झालं. वाळुंजकरांच्या देखरेखीखाली चर्मालय उभं राहिलं. आपोआप मेलेल्या जनावरांचं कातडं तिथं कमावलं जाई. ज्या कामाला समाज शिवत नव्हता, ते काम शिकलेल्या, वरच्या जातीतल्या माणसांनी हाती घेतलं. पुढं पवनारला राहायला गेल्यावरही, १९४६ च्या सुमारास विनोबा रोज खांद्यावर फावडं घेऊन जवळच्या सुरगावला सफाईसाठी पायी जात. हे किती दिवस चालणार, असं कुणी विचारलं तर वीस वर्षं, असं त्यांचं उत्तर असे. कारण काम रस्त्यांचं नव्हतं, मनं बदलायचं होतं.

तिकडे वर्ध्याच्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा यांच्या पुढाकारानं बायकांचे डोळे वाचवणारी धुराविना चूल आणि अखाद्य तेलावर जळणारा मगनदीप यांवर काम चाललं होतं. निसर्गाकडून घ्यावं तेवढं त्याला परत करावं, हा विचार त्यांनी १९४५ साली ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ या पुस्तकात मांडला. आज ज्याला ‘शाश्वत जीवनशैली’ असं भारदस्त नाव मिळालंय, ती आपल्याकडे परदेशातून आलेली नाही, बरं का!

आता तीच नालवाडी वर्धा शहराला जवळजवळ चिकटली आहे. २०११ च्या जनगणनेनं तिची गणना शहरी वस्तीत केली, पण कारभार ग्रामपंचायतीचा. अशी गावं आज अनेक जिल्ह्यांत आहेत. जुन्या घरामागं उकिरडा असे, गोठा असे. शिळंपाकं गाईच्या पुढ्यात जाई, केरकचरा शेतात. ले-आउटमधल्या घराला ना परस, ना गोठा. राहणी शहरी झाली, उकिरडा गेला. कचरा मात्र राहिला. त्यात प्लॅस्टिकची भर!

सरकारनं प्रयत्न केले नाहीत असं नाही. विदर्भाच्याच मातीतल्या गाडगेबाबांच्या नावानं २०००-०१ साली ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं आणि गावागावांत चुरस लागली. २०१६ च्या नियमांनी ओला, सुका आणि घातक कचरा घरातच वेगळा करणं बंधनकारक केलं, उघड्यावर कचरा जाळायला मनाई केली. २०१८ साली प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली. २ ऑक्टोबर २०२० ला ‘माझी वसुंधरा’ अभियान सुरू झालं. भूमी, जल, वायू, अग्नी, आकाश या पंचतत्त्वांवर गावांना आणि शहरांना गुण देण्याची त्याची रीत. पण भिंती रंगवून आणि गाड्या घेऊन पंचायत येणार ती आपल्या उंबरठ्यापर्यंत. सालं आणि काच एकत्र करायची की निराळी, हे उंबऱ्याच्या आतच ठरतं.

मग करायचं काय? अगदी सोपं आहे.

उन्हाळा संपला की जुना माठ पाणी गार करेनासा होतो आणि आपण तो टाकून देतो. टाकू नका. रात्रभर पाण्यात भिजवून खिळ्यानं हलक्या हातानं त्याला चार-पाच बारीक भोकं पाडा. तळाशी चार बोटं वाळका पाला घाला. मग रोजची सालं, देठं, चहाचा चोथा बारीक करून टाका आणि वर मूठभर माती किंवा पाला पसरा. आठवड्यातून एकदा चमचाभर आंबट ताक शिंपडा, दोनदा काठीनं हलवा. वास आला तर ओल जास्त झाली असं समजा, पाला वाढवा. मुंग्या लागल्या तर कोरडं पडलंय, पाण्याचा हबका मारा. तेलकट, खारट पदार्थ आणि हाडं मात्र यात नकोत. माठ भरला की झाकून ठेवा. दीड-दोन महिन्यांत काळंभोर, मातीच्या वासाचं खत तयार! वर्ध्याच्या वैशाखात माठ सावलीत ठेवून भोवती ओलं गोणपाट गुंडाळायला विसरू नका.

दुधाच्या पिशव्या विसळून, वाळवून एका जागी साठवा. काच आणि ब्लेड जाड पुठ्ठ्याच्या खोक्यात बंद करून निराळी द्या. पाळीच्या दिवसांतले पॅड कागदात नीट गुंडाळून, वर लाल खूण करून वेगळे द्या. यात लाजायचं ते काय? आपण लाजून लपवलं, की उघडणारीला ते हातानं उघडावं लागतं.

आणि हो, हे सगळं एकट्या तुम्ही करायचं नाही! ‘पर्यावरण’ म्हणून बाईच्या डोक्यावर आणखी एक काम पडायला नको. फावडं घेऊन निघाले होते ते विनोबा पुरुषच ना? मग सुक्या कचऱ्याची पिशवी यजमानांकडे, माठ हलवणं मुलांकडे. सुरुवातीला कुरकुर होईल, पण होऊ द्या. मनं बदलायला वेळ लागतोच.

शेवटचं, पण महत्त्वाचं. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची तरतूद कायद्यात आहे. हळदीकुंकवाला जाता तशा तिथंही जा. नगरपालिकेत राहत असाल तर आपल्या नगरसेविकेला गाठा. तीन प्रश्न विचारा : आम्ही वेगळा करून दिलेला कचरा पुढं गाडीत पुन्हा एक होतो का? ओल्याचं खत कुठं होतं? आणि गाडीवरच्या बायकांना हातमोजे मिळतात का?

आमच्याकडे आता काचेचं खोकं निराळं असतं. परवा गाडीवरच्या त्याच बाईनं ते घेतलं, वर लिहिलेलं ‘काच’ वाचलं आणि नुसतं हसली. तळहातावरची खूण अजून आहे. उद्या घंटा वाजेल तेव्हा तुमच्या पिशवीत काय असेल, मैत्रिणींनो?