अहो, तो पंखा बंद करा!

‘अपोकॅलिप्स नाऊ’ मी पहिल्यांदा पाहिला तो एका फिल्म सोसायटीच्या हॉलमध्ये. कोपऱ्यात घसा बसलेला एकच स्पीकर, डोक्यावर जुने पंखे. दिवे गेले, पडदा काळाच राहिला आणि कुठूनतरी संथ फट-फट-फट सुरू झालं. मागून कुणीतरी ओरडलं, “अहो, तो पंखा बंद करा आधी!” सगळा हॉल हसला.

परवा तोच प्रसंग घरी मागेपुढे करत पाहिला, तेव्हा वाटलं, ओरडणारा फारसा चुकला नव्हता. फ्रान्सिस फोर्ड कपोलाला १९७९ सालच्या या व्हिएतनाम युद्धपटात नेमकी हीच फसगत हवी होती.

आधी आवाज बंद करून पाहिलं. ताडामाडांची हिरवी रांग. खालून पिवळा धूर चढतो, एक हेलिकॉप्टर चौकट ओलांडून जातं, आणि बघता बघता अख्खी रांग नेपामच्या ज्वाळांत बुडते. सगळं संथ गतीत. शत्रू नाही, बंदूक नाही, पळणारं माणूस नाही. युद्धपट असून लढाईच नाही! मुकी आग चक्क देखणी दिसते, आणि आपल्याला ती देखणी वाटली याचीच जरा लाज वाटते. (हे जंगल फिलिपिन्समधलं. हेलिकॉप्टरं तिथल्या मार्कोस सरकारच्या सैन्याकडून आणलेली. चित्रीकरण चालू असतानाच ती बंडखोरांशी लढायला परत बोलावली जायची.)

मग आगीवर एक चेहरा उमटतो, तोही उलटा. हनुवटी वर, कपाळ खाली. हा मार्टिन शीनचा कॅप्टन विलर्ड. आग, चेहरा आणि छताचा पंखा एकावर एक चढतात आणि तसेच राहतात. डिझॉल्व्ह (एक दृश्य विरत दुसरं उमटणं) पुरा होऊच दिलेला नाही. साधा कट असता तर आपण म्हटलं असतं, आधी जंगल, मग खोली. इथे आधी-मग उरतच नाही. जंगल बाहेर जळतंय की या माणसाच्या डोक्यात, हे ठरवायला आपल्याला जागाच ठेवलेली नाही. मध्येच एक दगडी मुखवटाही तरळून जातो. तो चित्रपटाच्या शेवटाकडचा. म्हणजे जे अजून घडायचंय तेही त्या डोक्यात आलेलं आहे.

मग डोळे मिटून नुसतं ऐकलं. खरी मौज इथे आहे. ध्वनीची रचना वॉल्टर मर्चची. सुरुवातीची फटफट त्याने सिंथेसायझरवर घडवून घेतली. खऱ्या हेलिकॉप्टरच्या आवाजात इंजिनाची घरघर असते, शीळ असते. इथे ते सगळं गाळून फक्त पात्यांचा ठोका ठेवलाय. म्हणून तो पोकळ लागतो, आठवणीतल्यासारखा. पडद्यावर पंखा येतो तेव्हाही कानात तोच ठोका असतो. आणि मग विलर्ड सायगावच्या ज्या हॉटेलात पडलाय, त्यावरून एक हेलिकॉप्टर जातं, या वेळी खरं, इंजिनासकट. विलर्ड उठतो, खिडकीच्या पट्ट्या बोटांनी फाकवून बाहेर बघतो. खोट्या आवाजातून खऱ्यात आपण कधी आलो ते पहिल्यांदा पाहताना कळत नाही. मला चौथ्या खेपेला कळलं.

वर ‘द डोअर्स’चं गाणं, नाव ‘दि एंड’. चित्रपटाची सुरुवात ‘शेवट’ नावाच्या गाण्याने करणं ही चलाखी जरा उघडच आहे. पण गाण्याचे पहिले शब्द आणि आगीचा पहिला लोळ एकदमच येतात, तिथे तक्रार विरते.

पुढे विलर्ड दारूच्या नशेत आरसा फोडतो. शीनचा त्या दिवशी, ३ ऑगस्ट १९७६ रोजी, छत्तिसावा वाढदिवस होता. तो खरोखर प्यायलेला होता आणि हाताचं रक्तही खरं आहे. किस्सा सगळे रंगवून सांगतात. मला मात्र ते रक्त पंख्यापेक्षा उणंच वाटतं. पंख्याने जे हळूच सांगितलं, तेच आरसा ओरडून सांगतो.

तुम्ही पाहायला बसाल तेव्हा चांगले हेडफोन घ्या. आणि कितीही उकडत असलं तरी घरातला पंखा आधी बंद करा.